मंद जळणारी दारू

मराठीत ‘दारू’ या एका शब्दावर तीन अर्थांचे ओझे आहे. फारसीतून तो आला औषध या अर्थाने. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ आजही तग धरून आहे. दुसरा अर्थ सांगण्याची गरज नाही. तिसरा, बंदुकीच्या दारूचा, मात्र बोलण्यातून जवळजवळ गेला; ‘दारूगोळा’, ‘शोभेची दारू’, ‘फुसका बार’ अशा शब्दांच्या आडोशाने तेवढा उरला. इंग्रजीतील ‘मॅग्नम’ या शब्दाची गंमतही अशीच आहे. मूळ लॅटिन, अर्थ ‘मोठा’. इंग्रजीत तो आधी मद्याच्या दुप्पट मापाच्या बाटलीला लागला आणि पुढे नेहमीपेक्षा अधिक दारू मावणाऱ्या काडतुसाला. म्हणजे दारूच्या या दोन घरांमधली ये-जा केवळ आपल्याच भाषेत झाली असे नाही. त्यातून ही काडतुसे दिसायलाही बाटलीसारखी असतात : रुंद अंग, उतरते खांदे, अरुंद मान.

शब्दामागे हिंडण्याची ही खोड आम्हा दोघांना व्यवसायामुळे लागलेली. बंदुकीशी संबंध म्हणाल तर एन.सी.सी.च्या कवायतीपलीकडे तो गेलेला नाही. पण २०२४ च्या उन्हाळ्यात महिनाभर आम्ही कोलोरॅडोत होतो, आमच्यापैकी एकीच्या थोरल्या भावाकडे. दादा (तो आता आम्हा दोघांचाही दादाच) यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या गावातून नागपूरला आणि नागपूरहून अभियंता होऊन अमेरिकेत गेला, त्याला पंचवीसहून अधिक वर्षे झाली. त्याच्या गॅरेजमध्ये मोटार नाही. तेथे एक जाड लाकडाचे कपाट आहे, एक भक्कम बाक आहे, बाकावर लोखंडी दाब-यंत्र आणि काचेच्या झाकणाखाली तराजू आहे. दादा आपली काडतुसे स्वतः भरतो. वापरलेली पितळी पुंगळी गोळा करून आणायची, साफ करायची, मूळ मापात बसवायची, बुडाला नवी ठिणगी-टोपी लावायची, दारू तोलून घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची. तिकडे लाखो लोक हे करतात. आपल्याकडे काडतुसेच परवान्यावर मोजून मिळतात, तेव्हा ही कल्पनाही आपल्याला चमत्कारिक वाटते. एके काळी मात्र सगळे जग हेच करीत होते, आणि कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका पाहिलेल्यांना ते लगेच कळेल. दादा म्हणाला, “मी ठासणीवालाच आहे. फक्त माझी ठासणी काडतुसाच्या आत होते.”

कपाट लाकडी का, लोखंडी का नाही, हा आमचा पहिला प्रश्न. उत्तराने आम्ही चकित झालो. धूरविरहित दारू उघड्यावर पेटवली तर ती भडकन् जळते, स्फोट पावत नाही. तिला कोंडले की ती भयंकर होते. लोखंडी पेटी आगीत सापडली तर आतला वायू कोंडून ती पेटीच बॉम्ब होईल; लाकडी कपाट आधी फुटून वाट देते.

कपाटात आठ-दहा डबे होते आणि त्यांवरची नावे वाचण्यात आमची अर्धी दुपार गेली. एच १०००. रेटुम्बो (हा स्पॅनिश शब्द, अर्थ गडगडाट, निनाद). रीलोडर २६. व्हिटावुओरी एन १६५. पहिल्या दोन ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला या गावी तयार होऊन येतात, तिसरी स्वित्झर्लंडहून, चौथी फिनलंडहून. एका डोंगराळ अमेरिकन गावातल्या कपाटात एवढा भूगोल! पण आमचे लक्ष वेधले ते दोन डब्यांनी. एकावर ‘एच ४८३१’, दुसऱ्यावर ‘आयएमआर ४८३१’. अंक तोच. दादाने दोन्ही डबे हेतुतः वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवले होते.

त्या अंकाला इतिहास आहे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याजवळ तोफगोळ्यांच्या आणि काडतुसांच्या दारूचा डोंगर उरला होता. कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थाने ती शिल्लक विकत घेऊन हौशी लोकांना किरकोळीने विकायला सुरुवात केली. पहिल्या खरेदीसाठी त्याने आयुर्विम्यावर कर्ज काढले, असे त्याच्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. ४८३१ ही वीस मिलिमीटरच्या तोफेसाठी केलेली दारू. तोवरच्या शिकारी बंदुकांच्या मानाने ती इतकी मंद होती, की तिचे करायचे काय हा प्रश्नच होता. तिच्यासारख्या मंद दारूचे चीज झाले ते मोठ्या पुंगळीच्या मॅग्नम काडतुसांत. युद्धोत्तर अमेरिकेत त्या काडतुसांचे पेव फुटले. दादा वापरतो ते पॉइंट ३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ चे. म्हणजे काडतुसाने दारू शोधली, तशी थोडी दारूनेही काडतुसे शोधली. पुढे ड्यू पाँट कंपनीने त्याच अंकाची आपली दारू बाजारात आणली, आणि ती हॉजडनच्या दारूपेक्षा काहीशी जलद जळणारी निघाली. आज दोन्ही नावे एकाच कंपनीकडे आहेत, तरी दारू दोन आहेत. एकीचे प्रमाण पाहून दुसरी भरणाऱ्याची बंदूक फुटू शकते. समानार्थी शब्द एकमेकांच्या जागी घालता येत नाहीत, हे आम्ही वर्गात वीस वर्षे सांगत आलो. ते न ऐकणाऱ्याचे तेथे फार तर दोन गुण जातात.

मंद आणि जलद म्हणजे काय, हे दादाने आम्हाला चुलीवरून समजावले. पऱ्हाटी पेटवली की भस्सकन् जाळ, आणि पाणी कोमट होण्याआधी राख. बाभळीचे लाकूड धरायला वेळ लावते, पण मग जाळ टिकतो. बंदुकीच्या नळीत हे सारे एक-दीड सहस्रांश सेकंदात होते, एवढाच फरक. जलद दारू सगळा वायू एकदम सोडते. गोळी अजून जागची हललेली नसते, वायूला पसरायला जागा नसते, दाब कळसाला जातो. मंद दारू थोडा वायू सोडते, गोळी पुढे सरकते, मागे जागा होते, तेवढ्यात आणखी वायू येतो. गोळीला एक तडाखा बसण्याऐवजी नळीच्या टोकापर्यंत सतत ढकल मिळते. मॅग्नमची पुंगळी मोठी, गोळी जड आणि नळीचे छिद्र त्या मानाने अरुंद. दारू भरपूर, पण तिला बाहेर पडायची वाट चिंचोळी. अशा घरात उतावळी दारू चालत नाही.

ही मंदता आणतात कशी, ते आम्हाला सर्वांत सुंदर वाटले. या दारूचे कण म्हणजे भुकटी नसतेच. शेवई तोडल्यासारखे बारीक दंडगोल तुकडे असतात आणि बहुतेकांच्या पोटातून आरपार एक छिद्र असते. तुकडा बाहेरून जळत लहान होतो तेव्हा आतले छिद्र जळत मोठे होते. बाहेरचा पृष्ठभाग घटतो, आतला वाढतो, आणि जळणारे क्षेत्र जवळजवळ तेवढेच राहते. शिवाय कणावर ज्वलन रोखून धरणाऱ्या द्रव्याचा लेप असतो, म्हणजे सुरुवात सावकाश व्हावी. १८८४ साली पॉल व्हिएई या फ्रेंच रसायनज्ञाने नायट्रोसेल्युलोजला असे माणसाळवले. तत्पूर्वी चाळीसेक वर्षे लोक नुसता कापूस आम्लात बुडवून बंदुकीत घालू पाहत होते, आणि त्यांचे कारखाने उडत होते.

मापे ग्रेनमध्ये. सात हजार ग्रेनचा एक पौंड. दादा ज्या गोळीने सराव करतो तिचे वजन १८० ग्रेन, आणि येथे आम्हाला आमच्या परीने भर घालता आली. १८३३ मध्ये कंपनी सरकारने तोळ्याचे वजन बांधून दिले ते १८० ग्रेनच. कलदार रुपया बरोबर त्याच वजनाचा. म्हणजे दादाची गोळी नेमकी एक तोळा. तोळ्याच्या शहाण्णव गुंजा, तेव्हा एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून जरासा जास्त. एवढ्या वजनासाठी दादा श्वास रोखून तराजूकडे पाहतो. आजोबांच्या वेळचा सोनार तेच करीत असे. दादाला ही गोष्ट फार आवडली. त्या दिवसापासून तो “आज वीस तोळे पाठवले” असे म्हणू लागला.

आता दारू निवडायची कशी? आम्हाला वाटले होते, मंदगतीचा तक्ता असेल, त्यातली योग्य ती घ्यायची. तक्ता असतो, पण त्यात केवळ अनुक्रम असतो; कोण कोणाहून किती मंद, ते त्यातून कळत नाही, आणि दोन कंपन्यांच्या तक्त्यांत तोच क्रम बदलतो. (समीक्षेतल्या प्रतवाऱ्यांची आठवण आम्हाला झाली, ती आम्ही दादाला सांगितली नाही.) कंपनीची पुस्तिका प्रत्येक गोळीसाठी किमान व कमाल प्रमाण देते. दादा पुस्तिकेतल्या आरंभीच्या प्रमाणापासूनच सुरू करतो, अल्पाल्प वाढवतो, आणि पुंगळीच्या बुडावर दाबाची खूण दिसली की कमाल गाठली नसली तरी थांबतो. पॉइंट ३०० विंचेस्टरसाठी दाबाची मान्य मर्यादा दर चौरस इंचास ६४,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकात आपण बत्तीस पौंड हवा भरतो. त्याच्या दोन हजारपट, आणि ते चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. दादाचे दोन नियम आहेत. बाकावर एका वेळी एकच डबा. आणि डब्यातून उग्र आंबूस वास आला किंवा तांबूस वाफ दिसली, तर कितीही महाग असो, ती दारू बाद.

मग तो दारूकडून तीन गोष्टी मागतो. पुंगळी जवळजवळ भरली पाहिजे, कारण अर्धी रिकामी राहिली तर दारू आत लवंडते आणि प्रत्येक बार वेगळा पेटतो. उन्हाळ्यात आणि हिमात तिने सारखेच वागले पाहिजे. काही दारू उन्हात ठेवलेल्या काडतुसात एवढी तापट होते, की जानेवारीत निर्धोक असलेले प्रमाण जुलैत धोक्याचे ठरते. आणि तिसरी मागणी : दहा बारांचा वेग एकमेकांच्या जवळ हवा. सर्वांत जास्त वेग त्याला नको असतो. हजार यार्डांवर सेकंदाला तीस फुटांचा फरक पडला तरी गोळी जवळजवळ वीतभर वर-खाली लागते. या तिन्ही कसोट्यांवर त्याने गेली कित्येक वर्षे एच १००० ला कौल दिला आहे. रीलोडर २६ अधिक वेग देते, हे तो मान्य करतो.

आणि नेमक्या याच ठिकाणी घरात भांडण होते. भाचा एकोणीस वर्षांचा. त्याला रीलोडर २६ हवी. डोंगराच्या एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावरचे एल्क नऊशे यार्डांवरून टिपणाऱ्यांच्या चित्रफिती तो पाहतो. (एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ म्हणावा.) दादाने चारशे यार्डांपलीकडे जनावरावर आजवर बार टाकलेला नाही. भाच्याचे म्हणणे बिनतोड आहे : हजार यार्डांवरच्या पोलादी तबकडीवर तुम्ही दहापैकी नऊ लावता, मग चारशेच का? दादाचे उत्तर असे, की आठशे यार्डांना गोळीला साधारण एक सेकंद लागतो, आणि चरणारे जनावर एका सेकंदात एक पाऊल टाकते. फुफ्फुसावर धरलेला नेम पोटात जातो. त्यात बंदूक चुकली नाही, दारू चुकली नाही, वारा चुकला नाही. आणि ते जनावर मात्र दोन दिवस जंगलात मरत राहते. “तबकडी चालत नाही,” तो म्हणाला. भाचा म्हणाला, “मग एवढी मोजमाप कशाला, बाबा? चारशे यार्डांसाठी दुकानातले काडतूस पुरते.” यावर दादा गप्प बसला.

तबकडीवरचा नेम आम्ही एकदा पाहिला. दादाने चाप ओढला, आम्ही दुर्बिणीतून पाहत होतो. पांढऱ्या रंगावर करडा ठिपका उमटला. त्यानंतर पुष्कळ वेळाने, जवळजवळ पावणेतीन सेकंदांनी, दूरवर देवळातली घंटा कोणी हलकेच वाजवावी तसा टणत्कार आला. ते सुंदर होते, हे लिहिताना आम्हाला अवघड वाटते, पण ते सुंदर होते.

अवघड वाटते ते का, हेही सांगायला हवे. कोलंबाइनची शाळा त्याच राज्यात आहे. १९९९ सालची ती घटना. २०१२ मध्ये ऑरोरा येथील चित्रपटगृहात झाले तेही तेथेच. आम्ही शिक्षक आहोत, आणि वर्गाचे दार आतून बंद करण्याच्या कवायती जेथे मुलांना शिकवतात तेथे आम्ही जेवणाच्या टेबलावर दारूच्या मंदगतीचे कौतुक करीत होतो. बहिणीने भावाला विचारले, “दादा, तुला हे खुपत नाही का?” त्याने सांगितले, की त्या हत्या या जातीच्या बंदुकांनी झाल्या नाहीत, एकेक काडतूस तासभर खपून भरणारा माणूस गर्दीवर गोळ्या झाडत नाही. यातले पहिले वाक्य त्या दोन घटनांपुरते खरे आहे, आणि दुसरे बहुधा खरे असावे. पण विचारले होते ते खुपण्याविषयी, आणि उत्तर आले ते बंदुकीच्या जातीविषयी. आमच्यापैकी एकाला ते उत्तर पुरेसे वाटले, दुसरीला नाही, आणि परतीच्या विमानात आम्ही त्यावर बोलणे टाळले. अजूनही आमचे त्यावर एकमत नाही.

तरीही एक गोष्ट आम्ही दोघांनी पाहिली. भाचा आणि दादा ज्या एका जागी वाद न घालता तासन्तास बसतात, ती त्या बाकाजवळची आहे. भाच्याला मराठी समजते, बोलता येत नाही. दादाचे इंग्रजी घरात कोरडे होते. बाकावर दोघे जवळजवळ काहीच बोलत नाहीत. एक दारू तोलतो, दुसरा पुंगळ्यांच्या ओळीवर विजेरी धरून प्रत्येकीत दारूची पातळी सारखी आहे ना, ते पाहतो. कोणी रिकामी राहिली किंवा कोणात दोनदा पडली तर ती त्या उजेडात दिसते. “जावईबापू, एकदा तुम्हीही बघा,” दादा म्हणाला, आणि आम्हीही वाकून पाहिले. पन्नास पितळी माना आणि प्रत्येकीत काठाच्या थोडे खाली करडे कण.

त्या उन्हाळ्यात दादाच्या पसंतीचा डबा दुकानांत मिळेनासा झाला होता. २०२० च्या साथीत एकदा तुटवडा झालाच होता. २०२२ पासून युक्रेनच्या युद्धाने तोफगोळ्यांची मागणी अशी वाढवली, की नायट्रोसेल्युलोजच दुर्मिळ झाले. तोफ आणि हौशी माणूस शेवटी एकाच गिरणीचे गिऱ्हाईक. आणि त्या गिरणीत जाते काय? लाकडाचा लगदा, किंवा कापूस. गाठीतला लांब धाग्याचा कापूस नव्हे. रेचाईनंतर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते ती. हे ऐकून बहीण-भाऊ दोघेही हसले. लहानपणी त्यांच्या अंगणात सरकीचे ढीग पडत, आणि ती लव नाकातोंडात जाते म्हणून आई ओरडत असे. म्हशीच्या आंबोणात ती सरकी गेली. जगात दुसरीकडे तिची लव आम्लात भिजून, वाळून, शेवईसारखी तोडली जाऊन दादाच्या कपाटात येते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आम्ही राहतो नागपुरात. येथून भंडाऱ्याकडे जाताना तासाभराच्या अंतरावर जवाहरनगरची आयुधनिर्माणी लागते. १९६० च्या दशकापासून तेथे स्फोटके आणि तोफांची दारू होते. आमच्या वर्गात दरवर्षी त्या बाजूची दोन-चार मुले असतात. २४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी तेथे स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगार दगावले. बातमी कळल्यावर त्या दिवशीचा तास आम्ही घेतला नाही. फोन लावणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर जाऊ दिले.

रात्री दादाचा फोन आला. त्याने बातमी वाचली होती. आपल्या ओळखीचे कोणी होते का, हे त्याने विचारले, नव्हते. मग बराच वेळ तो काही बोलला नाही. नंतर त्याने विचारले, की दारूच्या कोणत्या भागात झाले, कण पाडायच्या की वाळवायच्या. ते आम्हाला सांगता आले नाही. शेवटी सहज म्हणून आम्ही गॅरेजची चौकशी केली. एच १००० चा एक डबा मिळाला होता, पण वेगळ्या घाणीचा. जुन्या डब्यावरून काढलेले प्रमाण त्याला जसेच्या तसे लावता येत नाही. तेव्हा पुन्हा पुस्तिकेतल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात, दहा-दहा बार, वेग मोजत. भाचा पुंगळ्या साफ करतो आहे, असे दादा म्हणाला.